आधी पाणी मोजा, मग यंत्र बदला

पावसाळा लागला की सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत रोज सकाळी मोबाइलवर भीमेवरच्या उजनी धरणाचा आकडा येतो. पाणीपातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, दौंडचा विसर्ग. त्याखाली सोडलेल्या पाण्याचा हिशेब असतो: मुख्य कालवा, बोगदा, सीना-माढा उपसा, दहिगाव उपसा, सांडवा आणि वीजनिर्मिती. टक्केवारी सगळे वाचतात. धरण ‘मायनस’मध्ये आहे की ‘प्लस’मध्ये, यावर ऊस लावायचा की नाही आणि उन्हाळ्यात टँकर लागणार की नाही, हे ठरतं. वीजनिर्मितीपुढे बहुतेक वेळा एकच आकडा असतो, १६०० क्युसेक. त्याच्याकडे कोणी फारसं पाहत नाही.

संपादकांनी यंदा ‘ऊर्जा’ हा विषय दिला आणि धाराशिवकडून लिहा म्हणाले, तेव्हा आधी डोळ्यांपुढे आल्या त्या वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्या. मग कौडगावचा सौर प्रकल्प. या दोन्हींवर बरंच लिहून आलेलं आहे. मला त्या १६०० क्युसेकच्या ओळीचा माग काढावासा वाटला. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह नेमकं चालतं कसं, त्याचं वय झालं म्हणजे काय होतं, आणि ते दुरुस्त करायचं की बदलायचं, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचं? हा प्रश्न एकट्या उजनीचा नाही. पैठण, माजलगाव आणि त्याहून जुनं येलदरी, ही आपल्या भागातली सगळी छोटी जलविद्युत केंद्रं त्याच वाटेवर पुढेमागे उभी आहेत.

आपल्या जिल्ह्यात का नाही, आणि तरी आपला संबंध काय

राज्याच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या, म्हणजे महानिर्मितीच्या, जलविद्युत केंद्रांच्या यादीत धाराशिव जिल्ह्याचं नाव नाही. नकाशा उघडला की कारण कळतं. बालाघाटच्या रांगेने जिल्हा दोन खोऱ्यांत वाटला गेला आहे. मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. सगळ्या नद्या पावसावर जगणाऱ्या. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, पाणीमहालाचा बंधारा बांधला गेला. त्याच्या अंगावरून कोसळणारे नर आणि मादी धबधबे पाहायला आजही गर्दी उसळते. पण ते कोसळतात कधी, तर नदीला भरपूर पाणी आलं की. विजेला उंची लागते तसंच रोजचं पाणीही लागतं. आपल्याकडे उंची थोडीफार सापडते, रोजचं पाणी सापडत नाही.

तरीही उजनीशी धाराशिवचं नातं तोंडओळखीपुरतं नाही. धाराशिव शहर उजनीचंच पाणी पितं, शंभराहून जास्त किलोमीटर जलवाहिनीतून आलेलं. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेत भीमेच्या खोऱ्यातून सात टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मराठवाड्यात आणायचं आहे. त्यातला मोठा वाटा धाराशिवचा आणि उरलेला बीडच्या आष्टीचा. त्यातलं काही पाणी सीना-कोळेगावच्या बाजूने येणार, काही घाटणे बंधाऱ्यातून टप्प्याटप्प्याने उचलून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावात चढणार. म्हणजे ज्या धरणाचं पाणी खाली पडताना वीज देतं, त्याच धरणाचं पाणी आपल्याकडे वर चढताना वीज खातं. हा हिशेब पुढे मांडला आहे. वीजगृह हा शेजारच्या जिल्ह्याचा विषय आहे असं समजून आपण बाजूला राहू नये, म्हणून आधी एवढं सांगितलं.

भीमानगरला धरणाखाली

धाराशिवहून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत पुणे-सोलापूर महामार्गाला लागलं की भीमानगर येतं. धरणाच्या वरच्या अंगाला यशवंतसागराचं, म्हणजे उजनीच्या जलाशयाचं, पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं. खालच्या अंगाला उतरलं की चित्र बदलतं. सांडव्याचे दरवाजे बंद असले तर भिंत कोरडी आणि शांत असते. वीजगृहाखालून निघणारं पाणी मात्र वाहत असतं, आणि ते पाहण्यासारखं आहे. सांडव्यावरून पडलेलं पाणी पांढरंफेक, फेसाळ, आदळआपट करणारं असतं. टर्बाइनमधून आलेलं पाणी हिरवट, जड आणि गप्प असतं, वर फक्त मोठे भोवरे फिरत असतात. पडणाऱ्या पाण्याचा जोर यंत्राने काढून घेतलेला असतो. फेस जितका कमी, तितकी वीज जास्त निघाली, असं जुने ऑपरेटर म्हणतात.

१६०० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ४५ हजार लिटर, ४५ टन पाणी. उजनीची पूर्ण भरलेली पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. उपयुक्त पाण्याचा सगळा खेळ या पावणेसहा मीटरमध्ये चालतो. वरची पातळी आणि यंत्राखालच्या नदीची पातळी यांतला फरक, ज्याला अभियंते ‘हेड’ म्हणतात, तो अंदाजे ३० मीटर धरू. ४५ टन पाणी सेकंदाला ३० मीटर खाली येतं आणि यंत्राची कार्यक्षमता ८८ टक्के आहे असं मानलं, तर गणित पावणेबारा मेगावॅटच्या आसपास येतं. उजनीच्या वीजगृहाची क्षमता आहे १२ मेगावॅट. मोबाइलवरची ती ओळ आणि यंत्रावरची पाटी अशी जुळते.

धरण खाली गेलं की हेड कमी होतं, आणि तेवढ्याच पाण्यातून वीज कमी निघते. एक किमान पातळी असते, पाणी तिच्याखाली गेलं की मशीन लावताच येत नाही. उजनीचा मृतसाठा ६३ टीएमसीच्या वर आहे, उपयुक्त साठ्यापेक्षाही मोठा. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे ६० टक्क्यांजवळ, म्हणजे मृतसाठ्यातही खोलवर, गेलं होतं. अशा वर्षी मशीन कितीही नवं असो, ते काय करणार?

उलट टोकही लक्षात ठेवायला हवं. भीमेला पूर आला की उजनीतून लाखाच्या वर क्युसेक सोडलं जातं, आणि त्यातलं यंत्रातून जातं तेच १६००.  ते पाणी बघून लोक हळहळतात की एवढी वीज वाया गेली. पण वर्षातल्या चार दिवसांच्या पुरासाठी मोठं यंत्र बसवलं, तर उरलेले दिवस ते अर्धपोटी चालतं किंवा बंद राहतं. क्षमता वाढवा, अशी मागणी करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावं लागतं.

आता उपशाचा हिशेब. एक हजार लिटर पाणी ३० मीटर खाली आलं की सुमारे ०.०७ युनिट वीज मिळते. तेच हजार लिटर उजनीच्या भरल्या पातळीपासून धाराशिव शहराच्या उंचीपर्यंत, साधारण दीडशे मीटर, चढवायचं तर पंप आणि पाइपमधली घट धरून अर्ध्या युनिटहून जास्त लागते. एक टीएमसी पाण्यामागे तिकडे सुमारे २० लाख युनिट मिळतात, इकडे सुमारे दीड कोटी युनिट लागतात. हे माझं ढोबळ गणित आहे, प्रत्यक्ष योजनेत टप्पे आणि उंची वेगवेगळ्या आहेत. पण प्रमाण कळायला ते पुरेसं आहे. पाणी आपल्याला हवंच, त्यात वाद नाही. म्हणूनच धरणाखाली निघू शकणारं एकेक युनिट आपल्या हिशेबातलं आहे, हे आपण ओळखलं पाहिजे.

वय होतं म्हणजे काय होतं

आपल्या देशात २५ मेगावॅटपर्यंतचं जलविद्युत केंद्र ‘लघु’ धरलं जातं. जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं येलदरी साडेसात मेगावॅटच्या तीन संचांचं, साडेबावीस मेगावॅटचं आहे. म्हणजे जेमतेम लघु. ते १९६० च्या दशकातलं. तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी विजेचा दिवा पाहिलेला नव्हता. पैठणचं १२ मेगावॅटचं केंद्र १९८० च्या दशकातलं, उजनीचं १९९० च्या दशकातलं. माजलगावला पाऊण मेगावॅटचे तीन छोटे संच आहेत. जगातही चित्र असंच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातली सुमारे ४० टक्के जलविद्युत क्षमता चाळीस वर्षांहून जुनी आहे.

धरणाची भिंत नीट सांभाळली तर शंभर वर्षं सहज टिकते. म्हातारपण येतं ते यंत्राला, आणि तेही सगळ्या अंगांना एकदम येत नाही. आयुष्यभर जलविद्युत केंद्रांत पाळ्या केलेल्या एका निवृत्त ऑपरेटरांनी मला क्रम सांगितला. सर्वांत आधी कुरकुरतात ती सील आणि बुशिंग. मग पाण्याची वाट उघडझाक करणाऱ्या गाइड व्हेन सैल होतात. त्या पूर्ण बंद झाल्या तरी पाणी झिरपत राहतं आणि थांबवलेलं मशीन हळूहळू फिरत राहतं. मग चाकाचा वेग सांभाळणारा जुना गव्हर्नर तेल गाळू लागतो आणि वेग एका जागी धरत नाही. बेअरिंगचं तापमान दर उन्हाळ्यात दोन अंश वर सरकतं. जनरेटरच्या स्टेटरमधलं इन्शुलेशन ठिसूळ होतं. आणि शेवटी येतो सुट्या भागांचा प्रश्न: मूळ कंपनी बंद पडलेली किंवा तिने ते मॉडेल सोडून दिलेलं, एक छोटं रिले कार्ड जळलं म्हणून सगळा संच महिना-महिना उभा. त्यांच्या मते शेवटचं दुखणं सर्वांत वाईट, कारण त्यात यंत्र धडधाकट असून बंद असतं.

रनर झिजतो म्हणजे काय, ते मी एका दुरुस्ती कारखान्यात पाहिलं. रनर म्हणजे टर्बाइनचं पाण्याने फिरणारं चाक. लाकडी ओंडक्यांवर ते आडवं ठेवलेलं होतं, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं. पात्यांची पुढची बाजू गुळगुळीत. मागच्या बाजूला, कडेपासून वीतभर आत, हात फिरवला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं लागलं. करंगळीचं टोक आत जाईल इतके खोल खड्डे. हे गंजाचे नाहीत. पात्याच्या मागे पाण्याचा दाब एकदम कमी होतो, तिथे वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात, आणि फुटताना लोखंडाचा कण काढून नेतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. वर्षानुवर्षं, सेकंदाला असंख्य वेळा हे चालू असतं. वेल्डर खड्डे साफ करून त्यात स्टेनलेस स्टीलचे थर भरत होता. दुसरा कारागीर ग्राइंडरने घासत होता आणि मधूनच पत्र्याचा कापलेला साचा पात्याच्या वळणाला लावून उजेडाकडे धरून पाहत होता. साचा आणि पातं यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. दोन-तीन वेळा अशी भरणी झाली की पात्याचं मूळ वळण हरवतं, मग कार्यक्षमता घसरते आणि खड्डे आधीपेक्षा लवकर पडतात. दुरुस्ती कधी थांबवायची याचं उत्तर त्या साच्याखालच्या उजेडात असतं.

जुन्या वीजगृहापुढच्या वाटा

चाळीस-पन्नास वर्षांचं केंद्र हातात घेतलं की पहिलं काम उर्वरित आयुष्य तपासण्याचं. संच उघडतात. शाफ्टला अल्ट्रासाउंड लावतात. पात्यांवर रंग टाकून भेगा शोधतात. टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या नळाच्या, पेनस्टॉकच्या, पोलादाची जाडी जागोजागी मोजतात. स्टेटरच्या वाइंडिंगची विद्युत चाचणी घेतात. दरवाजे, त्यांच्या तारा, क्रेन, सगळं तपासायचं, कारण रनर उचलणारी क्रेनच नादुरुस्त असेल तर पुढचं सगळं कागदावर राहतं.

मग पर्याय मांडले जातात. पहिला, आहे तसं चालवायचं आणि बिघडेल ते दुरुस्त करायचं. दुसरा, मोठं यंत्र ठेवून त्याच्या नसा बदलायच्या: नवा डिजिटल गव्हर्नर, नवी एक्साइटेशन, नवे रिले, नवं वाइंडिंग. जुन्या काळचं इन्शुलेशन जाड असे. आजचं पातळ आहे आणि जास्त तापमान सोसतं, त्यामुळे त्याच खाचांत जास्त तांबं बसतं आणि जनरेटरची ताकद थोडी वाढते. तिसरा, रनरही नवा बसवायचा. आजचे रनर संगणकावर पाण्याचा प्रवाह तपासून आखलेले असतात, तेरा टक्के क्रोमियम आणि चार टक्के निकेलच्या स्टेनलेस स्टीलचे. कार्यक्षमता काही टक्क्यांनी वाढते. चौथा, सगळंच काढून नवं, जास्त क्षमतेचं केंद्र. त्याचा खर्च फार मोठा, आणि पायाचं काँक्रीट फोडावं लागलं तर धरणाच्या सुरक्षेपर्यंत प्रश्न जातो.

बोली आणि सादरीकरणांत सगळा जोर तिसऱ्या-चौथ्यावर असतो, कारण तिथे दाखवायला मोठे आकडे आहेत. मी जरा वेगळा हिशेब करून पाहिला. १२ मेगावॅटचा संच वर्षात शंभर दिवस अखंड पूर्ण भाराने चालला असं धरू. २ कोटी ८८ लाख युनिट झाले. नव्या रनरने कार्यक्षमता तीन टक्के वाढली तर वर्षाला साडेआठ लाख युनिटच्या आसपास जास्त मिळतील. आणि कालव्याचं आवर्तन चालू असताना एखादा रिले नाही म्हणून संच दहा दिवस बंद राहिला तर? २८ लाख ८० हजार युनिट गेले. कारण पिकाचं पाणी मशीनसाठी थांबत नाही, ते दुसऱ्या दरवाजातून निघून जातं. तीन वर्षांत नवा रनर जे मिळवून देईल ते दहा दिवसांच्या बंदने घालवलं. म्हणून माझं मत असं की जुन्या छोट्या केंद्रावरचा पहिला रुपया सुटे भाग, गव्हर्नर, रिले आणि प्रशिक्षित माणसं यांवर खर्च व्हावा. रनरची पाळी त्यानंतर.

यात आणखी एक पर्याय असतो, त्याची चर्चा कमी होते. मोठा संच अर्ध्याहून कमी पाण्यावर चालवला की थरथरतो. टर्बाइनखालच्या नळीत पाण्याची पीळ पडलेली दोरी फिरते आणि तिचे धक्के वीजगृहाच्या जमिनीत जाणवतात. त्यामुळे कमी पाणी सोडायचं असेल तेव्हा ऑपरेटर मशीन लावतच नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी, नदी जिवंत ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने थोडं थोडं पाणी सोडलं जातं, ते वीज न देताच निघून जातं. त्याच जागी एक-दोन मेगावॅटचा छोटा संच बसवला तर? कागदावर त्याची क्षमता दिसणार नाही, पण तो वर्षातले जास्त दिवस चालेल. मराठवाड्यासारख्या तुटीच्या पाण्याच्या प्रदेशात मला हा पर्याय मोठ्या संचाच्या नूतनीकरणाइतकाच तपासण्यासारखा वाटतो.

पाणी कोणाच्या हुकमाने सुटतं

वीजगृहाचा अभियंता स्वतःहून पाणी सोडू शकत नाही. कालवा सल्लागार समिती बसते, रब्बीची किती आवर्तनं आणि उन्हाळ्याची किती ते ठरतं, पिण्यासाठीचं पाणी राखलं जातं, आणि त्या वेळापत्रकाच्या मागे मागे मशीन चालतं. दुष्काळी भागात हा क्रम बरोबरच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणावं लागलं होतं. तेव्हा विजेसाठी धरण रिकामं करा असं म्हणायला कोणाचं तोंड धजलं असतं?

पण यातून एक तांत्रिक गोष्ट निघते, आणि ती नूतनीकरणाच्या अभ्यास अहवालात ठळक यायला हवी. ज्या पाण्याच्या अंदाजावर जुनं केंद्र आखलं, ते पाणी आता येतं का? येलदरीचंच बघा. केंद्र आखलं तेव्हा पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात बुलढाणा जिल्ह्यातलं खडकपूर्णा धरण नव्हतं. आज ते आहे, आणि येलदरीकडे येणाऱ्या पाण्यावर त्याचा परिणाम झाला आहे. दुष्काळाच्या सलग वर्षांत येलदरी मृतसाठ्याखाली गेलेलं आणि वीजगृह बंद पडलेलं परभणी-हिंगोलीकरांनी पाहिलं आहे. अशा ठिकाणी साठच्या दशकातल्या नोंदी धरून क्षमतावाढ आखली तर नवं यंत्र पाण्याची वाट पाहत उभं राहील. नोंदी वीस-पंचवीस वर्षांच्या हव्यात, रोजच्या हव्यात, आणि वरच्या अंगाला पुढे काय बांधलं जाणार आहे तेही त्यात धरलेलं हवं.

येलदरीजवळ मात्र एक जमेची बाजू आहे, जी सगळ्यांकडे नसते. तिथल्या यंत्रातून निघालेलं पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं आणि सिंचनाचे कालवे तिथून निघतात. म्हणजे येलदरीतून पाणी सकाळी सोडलं की रात्री, याने शेतकऱ्याच्या पाळीत फरक पडत नाही. सिद्धेश्वर ते झेलून सारख्या प्रमाणात पुढे देतं. दिवसभराचं पाणी संध्याकाळच्या चार तासांत सोडायची मुभा त्यामुळे मिळते. गेल्या दहा वर्षांत वीज व्यवस्था जशी बदलली, ते पाहता ही मुभा फार मोलाची झाली आहे.

संध्याकाळचे चार तास

कौडगावच्या सौर पट्ट्या दुपारी भर ताकदीने चालतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर दिवसा सूर्यावर आणले जात आहेत. रात्री दारं धरायला जाणाऱ्या, विंचू-सापाच्या भीतीत पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण साडेसहा वाजले की या पट्ट्या थंड पडतात, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात. वारा असेल तर पवनचक्क्या हातभार लावतात, नसेल तर नाही. उद्योगांच्या वीजदरातही आता दिवसा सवलत आणि संध्याकाळनंतर जादा आकार अशी रचना आली आहे. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असे, आता दुपारची झाली.

औष्णिक संच थंड स्थितीतून पूर्ण भाराला यायला तास लागतात. जलविद्युतचा संच काही मिनिटांत लागतो: गाइड व्हेन उघडल्या, चाक वेगात आलं, ग्रिडशी सिंक्रोनाइज केलं, भार घेतला. म्हणून छोट्या जुन्या वीजगृहाचं मोल आता वर्षाच्या एकूण युनिटांनी मोजणं चूक आहे. संध्याकाळचं युनिट किती, हे विचारलं पाहिजे. पर्यायांचा अभ्यास करताना जुन्या सरासरी दराने नफा-तोटा मांडला, तर बरीच केंद्रं तोट्याची दिसतील आणि भंगारात निघतील. संध्याकाळच्या दराने मांडला, तर त्यांतली काही नक्की वाचतील.

उजनी आणि पैठण यांच्याबाबत आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. या दोन्ही ठिकाणची यंत्रं दोन्ही दिशांनी फिरणारी आहेत. एका दिशेने टर्बाइन म्हणून वीज तयार करायची, दुसऱ्या दिशेने पंप म्हणून खालचं पाणी परत वर चढवायचं. ती आखली गेली तेव्हा दुपारची फुकटात मिळावी अशी सौर वीज नव्हती. आज ती आहे, आणि आपल्या माळावर ती वाढतच जाणार आहे. दुपारी सूर्यावर पाणी वर, संध्याकाळी तेच पाणी खाली. यासाठी धरणाखाली पाणी अडवून धरणारं तळं लागतं, पंपाच्या बाजूने यंत्र तंदुरुस्त लागतं, आणि चढवताना जी घट होते तिचा हिशेब लागतो. जमेल की नाही हे तपासणीनेच कळेल. पण नूतनीकरणाच्या अहवालात या पर्यायाला पान मिळालं पाहिजे.

पट्टा, खासगी हात आणि आपला हक्क

राज्यातली बहुतेक जलविद्युत केंद्रं पाटबंधारे, म्हणजे आताच्या जलसंपदा खात्याने बांधली आणि वीज मंडळाला ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चालवायला दिली. २००५ मध्ये मंडळाची विभागणी झाल्यावर ती महानिर्मितीकडे आली. पट्टा संपला की तीन वाटा उरतात: महानिर्मितीनेच नूतनीकरण करून चालवायचं, खात्याने परत घ्यायचं, किंवा खासगी कंपनीने पट्ट्याने घेऊन, नूतनीकरण करून, ठरावीक वर्षं चालवून परत करायचं. सप्टेंबर २००५ च्या राज्याच्या धोरणाने लघु जलविद्युतमध्ये खासगी सहभागाचा दरवाजा उघडलाच होता. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणावरचं जुनं ४.८ मेगावॅटचं वीजगृह या प्रवासाचं उदाहरण आहे. तिथे खासगी सहभागातून जास्त क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. कोल्हापूरला मात्र पाऊस भरवशाचा आहे. राधानगरीचं गणित जसंच्या तसं येलदरीला लावता येणार नाही.

खासगी कंपनी आली म्हणून पाणी तिच्या मालकीचं होत नाही, तरी करारातल्या शब्दांवर बरंच अवलंबून असतं. पाणी कमी मिळालं तर नुकसान कोणाचं? सिंचनाचं वेळापत्रक बदललं तर भरपाई मागता येईल का? पट्टा संपताना यंत्र कोणत्या अवस्थेत परत द्यायचं? तीस वर्षांच्या करारात या तीन ओळी सैल राहिल्या, तर पुढच्या पिढीच्या हाती पुन्हा खड्डे पडलेला रनर येईल.

माझं मागणं साधं आहे. आपल्या भागातल्या कोणत्याही जुन्या वीजगृहाची निविदा काढण्यापूर्वी जलसंपदा खाते आणि महानिर्मिती यांनी तीन कागद मराठीत लोकांपुढे ठेवावेत: गेल्या पंचवीस वर्षांतला रोजचा विसर्ग, संच कोणत्या कारणाने किती दिवस बंद राहिला त्याची नोंद, आणि उर्वरित आयुष्याच्या तपासणीचा निष्कर्ष. हे तीन कागद असले तर कोणता पर्याय घ्यायचा ते बार्शीतला निवृत्त ऑपरेटरही सांगू शकेल, आणि कालवा सल्लागार समितीत बसणारा परंड्याचा शेतकरीही. धाराशिवचे जे लोकप्रतिनिधी आणि पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी उजनीच्या पाण्यासाठी बैठकांना जातात, त्यांनी पुढच्या बैठकीत सात टीएमसीच्या जोडीला हे तीन कागदही मागावेत.